रक्तस्राव जुना की नवा?

आपल्या जिल्ह्यात रक्ताबद्दल बोलणं कमी होतं असं नाही. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन किती, सिकलसेलची तपासणी झाली का, बाळंतपणाला रक्ताची पिशवी मिळेल का, हे प्रश्न अक्कलकुव्यापासून नवापूरपर्यंत प्रत्येक बैठकीत निघतात. एक प्रश्न मात्र क्वचितच निघतो. बाई सांगते, ‘‘अंगावरून खूप जातं.’’ कागदावर लिहिलं जातं, ‘अतिरक्तस्राव’. हे पहिल्या पाळीपासूनच असं आहे, की अलीकडे सुरू झालं, ते विचारायचं राहून जातं. या एका प्रश्नाच्या उत्तरात दोन वेगळे आजार दडलेले असू शकतात. एक जन्मापासूनचा, रक्त नीट न गोठण्याचा. दुसरा उतरत्या वयात येणारा, कॅन्सरचा. दोघांची खूण एकच, रक्त. आणि पहिला आजार असलेल्या बाईत दुसरा आजार त्याच्या आडोशाला महिनोन् महिने लपून राहतो. त्याबद्दल लिहायचं आहे.

रक्त न गोठण्याचा आजार म्हटला की हिमोफिलिया आठवतो, आणि हिमोफिलिया म्हटलं की गुडघा सुजून बसलेला मुलगा. रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी आठवा किंवा नववा घटक कमी असला की हा आजार होतो. दोष असतो एक्स गुणसूत्रावर. मुलाकडे एक्स एकच, म्हणून त्याच्यात आजार उघड दिसतो. मुलीकडे दोन, म्हणून ती ‘वाहक’. इतकं शाळेच्या पुस्तकातही असतं. पुढचं नसतं. वाहक म्हटल्या जाणाऱ्या बायकांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यात हा घटक इतका कमी असतो की त्यांचंही रक्त जास्त जातं. पाळीत, बाळंतपणात, दात काढताना, ऑपरेशनच्या वेळी. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळींनी २०२१ साली कुठे ठरवलं, की अशा बाईला नुसती वाहक म्हणू नये, तिला हिमोफिलिया आहे असंच म्हणावं.

आपला कायदा अजून तिथे पोचलेला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तीन रक्ताचे आजार दिव्यांगत्वात धरले. ते चांगलंच झालं. पण त्या कायद्याच्या अनुसूचीतली हिमोफिलियाची व्याख्या एकदा वाचून पाहा. हा आजार सहसा फक्त पुरुषांना होतो आणि बायका तो आपल्या मुलग्यांकडे पोचवतात, अशा अर्थाचं वाक्य तिथे आहे. म्हणजे कायद्यात बाई आली ती रोग पोचवणारी म्हणून, रोगी म्हणून नाही. ‘हिच्या पोटातून आजार आला’ हे सासरचं वाक्य आणि कायद्याचं वाक्य यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

आणि रक्तस्रावाचे आनुवंशिक आजार म्हणजे एकटा हिमोफिलिया नव्हे. वॉन विलेब्रँड नावाचा आजार त्याहून कितीतरी जास्त आढळतो, आणि तो बाई-पुरुष असा भेद करत नाही. त्याच्या शोधाची गोष्ट आपल्या कामाची आहे. फिनलंडजवळच्या ऑलंड बेटांवरची पाच वर्षांची एक मुलगी १९२४ साली एरिक वॉन विलेब्रँड या डॉक्टरांकडे आली. तिच्या काही बहिणी लहानपणीच रक्तस्रावाने गेल्या होत्या. डॉक्टरांनी त्या सगळ्या कुटुंबाचा अभ्यास केला आणि १९२६ साली लिहिलं, की हा हिमोफिलिया नाही, हा बायकांनाही होणारा वेगळा आजार आहे. ती मुलगी तेराव्या वर्षी गेली. चौथ्या पाळीत रक्त जाऊन गेली. आजाराला नाव डॉक्टरांचं मिळालं.

आपल्याकडे चौथ्या पाळीत गेलेल्या मुलीची नोंद कशी झाली असती? बाहेरचं काहीतरी झालं, नाहीतर रक्त कमी होतं. नंदुरबारमध्ये तर रक्ताचा कुठलाही त्रास दोन खणांत टाकायची सवय झाली आहे, कुपोषण आणि सिकलसेल. सिकलसेलचं काम गरजेचंच आहे, याबद्दल वाद नाही. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं आणि देशभरात ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी वस्त्यांमध्ये ही तपासणी व्हायलाच हवी. पण सिकलसेलमध्ये रक्त कमी होतं ते लाल पेशी मोडतात म्हणून. पाळीत घडीवर घडी भिजते, ती त्यामुळे नव्हे. सिकलची चाचणी रक्त गोठतं की नाही हे सांगत नाही. दोन्ही आजार एकाच बाईला असू शकतात, हेही लक्षात ठेवायला हवं. कार्डावर ‘सिकल’ लिहिलं की पुढची चौकशी बंद होते, ही खरी अडचण.

आता कॅन्सरकडे येते. बाईच्या शरीरातले काही कॅन्सर रक्ताच्या खुणेनेच कळतात. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर असेल तर दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जातं. पिशवीच्या आतल्या अस्तराचा असेल तर पाळी जाऊन वर्ष-दोन वर्षं झाल्यावर पुन्हा लाल दिसू लागतं. आतड्याचा असेल तर शौचातून, मूत्राशयाचा असेल तर लघवीतून. ही खूण ज्या बाईला आयुष्यभर रक्ताची सवय आहे तिच्यात कशी ओळखायची?

डोंगरातल्या एका गावची बाई, नाव-गाव सांगत नाही. वय पन्नाशीच्या आतलं. पहिल्या पाळीपासून आठ-दहा दिवस रक्त. दोन बाळंतपणांत बाहेरून रक्त द्यावं लागलं. मामा लहानपणी दात पाडल्यावर रक्त न थांबल्यामुळे गेला, हे तिची आई सहज बोलता बोलता सांगते. घरात सगळ्यांना ठाऊक, हिचं रक्त पातळ आहे. पाळी गेली तेव्हा ती म्हणाली, सुटले. दोन वर्षांनी पुन्हा डाग दिसायला लागले. नवरा म्हणाला, हिचं असंच असतं. सासू म्हणाली, हिचं असंच असतं. ज्या खाजगी दवाखान्यात नेलं तिथेही हेच ऐकवलं आणि रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या. ती स्वतःही हेच म्हणत होती. गोळ्यांनी थोडं थांबायचं, पुन्हा यायचं. तुकडा काढून तपासायची वेळ आली तेव्हा दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, हिचं रक्त थांबत नाही, आम्ही हात लावणार नाही. पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघाला तोवर वर्ष उलटलं होतं. उपचार झाले, ती आज आहे. वर्ष गेलं ते गेलंच.

या हकिकतीत कुणी दुष्ट नाही. ‘हिचं असंच असतं’ हे वाक्य मायेनेही बोललं जातं. पण वैद्यकाच्या दृष्टीनेही ते चुकीचं आहे. वॉन विलेब्रँडच्या सौम्य प्रकारात त्या घटकाचं प्रमाण वयाबरोबर बऱ्याच जणींमध्ये वाढत जातं. म्हणजे जुना आजार पन्नाशीला आपोआप बळावेल अशी अपेक्षा नाही. पाळी जाण्याच्या आधीच्या चार-पाच वर्षांत अनियमितपणामुळे रक्त वाढू शकतं, आणि अशा बायकांचं जरा जास्तच वाढतं, हेही खरं आहे. म्हणूनच तपासल्याशिवाय कुणी ठरवू नये. आणि पाळी गेल्यानंतर आलेलं रक्त, एक डाग का असेना, कुठल्याही बाईत तपासायचंच. त्यातल्या बहुतेक जणींना कॅन्सर निघत नाही. पण निघतो त्या वेळी लवकर निघालेला बरा. उलटंही होऊ शकतं. ज्या बाईचं रक्त लवकर थांबत नाही, तिच्यात लहानशी जखमही आधी बोलते. म्हणजे हा आजार धोक्याची घंटा आधी वाजवू शकतो. ऐकणारं कुणी हवं.

तुकडा काढायची, म्हणजे बायोप्सीची भीती हा दुसरा आडोसा. भीती खोटी नाही. आजार माहीत नसताना किंवा माहीत असून तयारी न करता तुकडा काढला तर रक्त वाहू शकतं. पण तयारी करता येते. हिमोफिलिया असेल तर कमी असलेला फॅक्टर आधी देतात. वॉन विलेब्रँडमध्ये प्रकार पाहून डेस्मोप्रेसिन किंवा तो घटक असलेलं औषध. ट्रॅनेक्झामिक ॲसिड नावाची गोळी तर स्वस्त आहे आणि सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. रक्तविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी आधी एकमेकांशी बोलायचं, एवढीच अट. सोनोग्राफीला, गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून पाहण्याच्या तपासणीला, एचपीव्हीसाठी बोळ्याने नमुना घ्यायला तर एवढी तयारीही लागत नाही. तेव्हा ‘रक्ताचा आजार आहे म्हणून हिला शिबिरात तपासू नका’ हे ऐकून घ्यायचं कारण नाही.

या तपासण्यांनी खरंच जीव वाचतात का, असं गावात विचारतात. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे झाले. २००९ साली हे निष्कर्ष छापून आले. तुलनेसाठी ज्या गरीब बायकांची तपासणी केलीच नाही त्यांचं काय, हा प्रश्न त्यावर उठला आणि तो रास्त होता. आपल्या शरीरांवरून जगाला जे शहाणपण मिळालं, ते निदान आपल्या जिल्ह्यात तरी वापरलं जावं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. आजार माहीतच नसेल तर? पाळीचं रक्त फार जातं, मजुरी बुडते, उसाच्या फडात घडी बदलायला जागा नाही. डॉक्टर म्हणतात, पिशवी काढून टाका. बीड जिल्ह्याचं २०१९ चं प्रकरण सर्वांना आठवत असेल. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या आकडेवारीत सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. आपल्या सातपुड्यातली जोडपी कोयता घेऊन गुजरातेत सुरत-बारडोलीकडे जातात. त्यांच्यातल्या पिशव्यांचा हिशेब कुणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

बीडवर आपण बोललो ते नको असलेल्या ऑपरेशनबद्दल, पैशाबद्दल, मुकादमाबद्दल. त्यात दोन गोष्टी जोडायला हव्यात. पहिली, त्या बायकांत ज्यांचं रक्त जन्मापासूनच नीट गोठत नाही अशाही काही असणार. त्यांना गोळीने, औषधाने बरं वाटलं असतं, आणि त्यांच्यासाठी ते ऑपरेशन म्हणजे जिवाशी खेळ. दुसरी, काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का? ती पाठवली नाही, तर आत कॅन्सर होता की नव्हता हे कायमचं अंधारात राहतं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर असताना साधी पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया केली तर उपचार अपुरा राहतो आणि पुढचं काम आणखी अवघड होतं. हा प्रश्न नुसता नैतिकतेचा नाही, मागता येण्यासारखाही आहे. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत अमलात आणायला सांगितलं. या सूचनांत जिल्हा पातळीवर देखरेख समिती आहे. आपल्या जिल्ह्याच्या समितीकडे लेखी विचारू या, किती पिशव्या काढल्या, किती तपासायला पाठवल्या, किती जणींची त्याआधी रक्त गोठण्याची तपासणी झाली.

या तपासणीबद्दलही थोडं सांगते. गावाकडच्या लॅबमध्ये ‘बीटी-सीटी’ करतात आणि नॉर्मल आली की विषय संपतो. सौम्य वॉन विलेब्रँडमध्ये ही तपासणी नॉर्मल येऊ शकते. नेमकं निदान करायला घटकांची मोजणी लागते. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे या आजारांवर अनेक वर्षं काम झालं आहे. टाटा हॉस्पिटलही परळलाच, चालत जाण्याच्या अंतरावर. मुंबईत ही दोन शास्त्रं एकमेकांची शेजारीण आहेत. धडगाव किंवा मोलगीच्या बाईला मात्र आधी नंदुरबार, मग रेल्वेने सुरत नाहीतर बसने धुळं-नाशिक, आणि मग मुंबई, असा प्रवास एका आजारासाठी एकदा आणि दुसऱ्यासाठी दुसऱ्यांदा करावा लागतो. फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. निदानापर्यंत पोचायचं बसभाडं, बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्या माणसाचा मुक्काम त्यात बसत नाही. २०२० पासून नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बायोप्सीच्या दिवशी लागणारी औषधं आणि मुंबईच्या तज्ज्ञांशी फोनवर बोलून आखलेला बेत, एवढं तरी जिल्ह्याच्या ठिकाणी मिळायला हवं. ही मागणी अवाजवी नाही.

पुरुषांचंही एक वाक्य लिहायला हवं, कारण त्यांची सेवा शेवटी घरातल्या बाईलाच करायची असते. हिमोफिलियाच्या पेशंटला पूर्वी जे रक्त आणि प्लाझ्मा दिला जाई, त्यातून अनेकांना हिपॅटायटीस सी झाला आणि त्यातल्या काहींना पुढे यकृताचा कॅन्सर. रक्तपेढ्यांत हिपॅटायटीस सी ची तपासणी आपल्या देशात २००१ मध्ये सक्तीची झाली. म्हणजे त्याआधी बाळंतपणात ज्यांना रक्त चढवलं, त्या बायकांनाही हा प्रश्न लागू आहे. आज त्या पन्नाशी-साठीच्या आहेत, आणि आपल्या गटांत बसतात. एक साधी रक्ततपासणी करायची. आजार निघालाच तर २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात औषध फुकट आहे आणि बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

मुलींच्या लग्नाचं काय, असं मैत्रिणी विचारतील. घरात असा मुलगा असला की बहिणींची तपासणी लपवली जाते, कळलं तर सोयरीक मोडेल म्हणून. ही भीती उपदेशाने जाणार नाही. पण न तपासलेल्या मुलीचं पहिलं बाळंतपणच तिची तपासणी ठरतं, आणि ती तपासणी फार महाग पडते. लपवायचं असेल तर जगापासून लपवा, डॉक्टरपासून नको, असं मी आयांना सांगते. हे मत सगळ्याच कार्यकर्त्यांना पटेल असं नाही.

राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, आणि १९८९ साली ते निष्कर्ष छापून आले. ९२ टक्क्यांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्यातल्या फारच थोड्यांची आधी कधी तपासणी झाली होती. त्यानंतर गर्भाशयापलीकडच्या बाईच्या आरोग्यावर पुष्कळ बोललं गेलं. तरी आज आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म भरतात, त्यात घरात कुणाला मधुमेह, रक्तदाब आहे का असं विचारलं आहे. पाळी गेल्यानंतर रक्त जातं का, संबंधानंतर जातं का, हेही विचारलं आहे, आणि ते फार चांगलं आहे. घरात कुणाचं रक्त थांबत नव्हतं का, हे मात्र नाही. फॉर्म बदलायला दिल्लीला जावं लागेल. तोवर त्याची मागची बाजू कोरी असते. पुढच्या महिन्यात धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या बैठकांत आम्ही तिथे हे प्रश्न हाताने लिहायला सांगणार आहोत: नाक-कान टोचताना, गोंदताना, दात काढताना रक्त लवकर थांबलं होतं का? पहिल्या पाळीपासून किती दिवस जायचं? माहेरी कुणी रक्त जाऊन गेलं का? आणि आता जे जातंय, ते नेहमीसारखंच आहे की वेगळं वाटतं?